गिधाडांचे पुनरागमन आणि गावोगावची औषधांची दुकाने

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सादर नमस्कार.

हरियाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडे 2024 मध्ये ताडोबा आणि पेंच येथे आणण्यात आली. वन विभागाचे त्याबद्दल कौतुक झाले आणि ते रास्तच आहे. मात्र ही गिधाडे तगणार की नाही, हे जंगलापेक्षा गावातल्या औषधाच्या दुकानात अधिक ठरते, म्हणून हे पत्र आपणांस.

1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे 99.9 टक्क्यांनी घटली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाकडे 2004 मध्ये बोट दाखवले गेले. हे औषध टोचल्यानंतर लवकरच दगावलेले जनावर गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते, आणि शवविच्छेदनात काळजा-यकृतावर खडूच्या भुकटीसारखा युरिक आम्लाचा पांढरा थर आढळतो. शंभरातले एखादे मढे असे दूषित असले तरी ही घट घडायला पुरेसे होते, कारण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते.

गावाबाहेर टाकलेली ढोरे मग कुजत राहिली, पाणी दूषित झाले, कुत्री वाढली. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार 2000 ते 2005 या काळात त्यापायी सुमारे 5 लाख अतिरिक्त माणसे दगावली. आकड्यावर वाद घालता येईल; पण गिधाड हा केवळ पक्षिप्रेमींचा विषय नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

समाधानाची बाब अशी की सरकारने पावले उचलली. 2006 मध्ये डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली; माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत असल्याने 2015 मध्ये 3 मिलिलिटरची मर्यादा घातली गेली; 2023 मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक ही वेदनाशामके जनावरांसाठी बंद झाली, पाठोपाठ निमेसुलाइडही. गिधाडांच्या घसरणीचा वेग 2006 च्या बंदीनंतर ओसरला. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित असलेला पर्याय बाजारात आहेच, त्यामुळे शेतकऱ्याच्या जनावराला कळा सोसायला लावण्याचा प्रश्न येत नाही.

बंदी कागदावर असून भागत नाही. बैल लंगडू लागला की शेतकरी आधी जवळचे दुकान गाठतो आणि दुकानदार देईल ते इंजेक्शन घेऊन येतो. त्याला दोष कसा द्यावा? तेव्हा ताडोबा व पेंचच्या परिसरात, तसेच नाशिकमधील हरसूल आणि रायगडमधील फणसाड या गिधाडांच्या टापूंत, औषध निरीक्षकांनी सामान्य गिऱ्हाईक म्हणून जाऊन नियमित तपासणी करावी आणि तिचे निष्कर्ष जाहीर करावेत. पशुसंवर्धन विभागाशी बोलून तेथील दवाखान्यांत मेलॉक्सिकॅमचा साठा कधीही संपणार नाही, अशी व्यवस्था व्हावी. गुरांसाठीच्या कोणत्याही नव्या वेदनाशामकाला गिधाडांवरील सुरक्षितता सिद्ध झाल्याशिवाय परवानगी देऊ नये, असा आग्रह राज्याने केंद्राकडे लेखी धरावा.

पहिल्या दोन गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. आपण आदेश काढलात तर येत्या पावसाळ्यापूर्वी तपासणी सुरू होऊ शकेल.

कळावे,
आपला नम्र,
विदर्भातील एक नागरिक