दुमडलेल्या कोपऱ्याबद्दल

आदरणीय बाई,

निकालाचे पेढे घेऊन आम्ही आलो तेव्हा तुम्ही "मला शुगर आहे गं" म्हणत अर्धा मोडून घेतलात आणि पुढच्या बॅचची मुलं आली म्हणून आत गेलात. दारातल्या दारात बोलायचं राहिलं. ते आता लिहितेय, आणि चारचौघांना वाचता यावं म्हणून मुद्दाम उघड लिहितेय.

तुमच्याकडे यायच्या आधी लेक नेरूळ स्टेशनजवळच्या एका नावाजलेल्या क्लासला जायची. नाव घेत नाही. नाक्यानाक्यावर त्यांचे होर्डिंग आहेत, आणखी जाहिरात माझ्याकडून कशाला? तिथे दर रविवारच्या टेस्टची यादी रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडायची. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, नावानिशी. मुलांना बसवायचे तेही गुणांप्रमाणे. मी बोलायला गेले तर सर म्हणाले, "मॅडम, कॉम्पिटिशनची सवय नको का?" सवय लागली खरी. पोर गणितात बेचाळीसवरून एकसष्टवर आली त्या रात्री जेवली नाही, कारण बी विंगमधल्या मैत्रिणीला चौसष्ट पडले होते. किती मिळाले विचारलं की आधी दुसऱ्यांचे सांगायची.

तुमच्याकडची पहिली चाचणी मला लख्ख आठवते. मी बाहेर चपलांच्या रॅकपाशी उभी होते. तुम्ही पेपर वाटत होतात, आणि प्रत्येक पेपराचा उजवीकडचा वरचा कोपरा, जिथे लाल पेनाने गुण लिहिलेले असतात तो, आत दुमडलेला होता. नीट, नखाने घडी घालून. ज्याचे त्याने उघडून बघायचे. एका मुलाने शेजाऱ्याला "किती रे?" विचारलं, तर तुम्ही मान वर न करताच म्हणालात, "त्याचं तो बघेल. तू तुझा तिसरा प्रश्न बघ, चिन्ह कुठे बदललं ते." संपलं. भाषण नाही, मोटिवेशन नाही. घरी येईपर्यंत लेक त्या चिन्हाबद्दलच बोलत होती. बी विंगचा विषयच निघाला नाही.

एवढे पेपर तपासायचे, वर एकेकाचा कोपरा दुमडत बसायचं. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?

नंतर एकदा तुम्ही पालकांना बार्सिलोनाची गोष्ट सांगितलीत. 1992च्या ऑलिंपिकमधल्या विजेत्यांचे चेहरे संशोधकांनी लोकांना दाखवले, तर रौप्यपदकवाल्यांपेक्षा कांस्यवाले जास्त खूश दिसले. रौप्यवाल्याला हुकलेलं सोनं दिसतं, कांस्यवाल्याला रिकाम्या हाताने परतणारा चौथा. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने तर 1954 मध्येच मांडलं होतं की माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्याच माणसाशी. हे मात्र मला कोणी शिकवायला नको. अँटिलिया बघून आमच्या सोसायटीत कोणाची झोप उडत नाही. समोरच्यांनी मॉड्युलर किचन केलं की उडते. म्हणजे तुलना माणसाच्या हाडातच आहे, मान्य. पण पंधरा वर्षांच्या पोरांमध्ये तिला खतपाणी घालायचं आणि वर त्याची फी घ्यायची, हा धंदा झाला.

तुमच्यासारखी माणसं असतात, हे अधूनमधून विसरायला होतं. सुट्टे नसले तर "राहू द्या, उद्या द्या" म्हणणारा रिक्षावाला, काटा गिऱ्हाइकाकडे झुकू देणारी सानपाड्याची भाजीवाली मावशी. यांचे फोटो कुठल्या होर्डिंगवर लागत नाहीत. शहर चालतं ते यांच्यावर, असं माझं आपलं मत.

लेकीला 79.40 टक्के पडले. मैत्रिणीला जास्त आहेत. किती, ते लेकीने विचारलंच नाही. दोघी त्या संध्याकाळी सीवूड्सला पाणीपुरी खायला गेल्या. मला आकडा माहीत आहे, कारण तिच्या आईने लिफ्टमध्ये गाठून सांगितला. आणि पुढच्याच मजल्यावर हळूच विचारलं, "धाकटीला तुमच्या त्या बाई घेतील का हो?"

घ्या तिला. आमचा धाकटाही जूनपासून येतोय. हॉल भरला असेल तर स्वयंपाकघरात बसवा, पण नाही म्हणू नका.

तुमच्या दहावीच्या बॅचमधल्या एका मुलीची आई,
नेरूळ