गलाईचा तांबूस धूर कमी करायचा तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोने-चांदी गलाईच्या, म्हणजे जुने दागिने वितळवून शुद्ध करण्याच्या, दुकानांतून निघणाऱ्या तांबूस धुराबद्दल आपल्या पानांवर चर्चा चालू आहे. दुकाने वस्तीबाहेर न्या, नाहीतर चिमण्या उंच करा, हे दोनच उपाय त्यात पुन्हा पुन्हा येतात. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई बांधव देशभरातल्या सराफ बाजारांत हा धंदा करतात. पुष्कळ ठिकाणी खाली भट्टी आणि वर बिऱ्हाड असते, म्हणून चर्चा व्हायलाच हवी. पण धूर किती निघणार हे चिमणीवर ठरत नाही. कोणता माल कोणत्या पद्धतीने शुद्ध केला, यावर ते ठरते. याच मुद्द्यावर हे पत्र आहे.

आज बहुतेक दुकानांत जुन्या दागिन्याची आटणी झाली की त्यात चांदी किंवा तांबे मिसळून सोन्याचे प्रमाण पाव भागावर आणतात. मग रवा पाडून, म्हणजे त्याचे बारीक दाणे करून, तो नायट्रिकच्या तेजाबात (आम्लात) उकळतात. चांदी-तांबे विरघळून जाते आणि तळाला तपकिरी भुसभुशीत सोने उरते. यामागे पक्के कारण आहे. मिश्रणात सोने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असेल तर ते चांदीला चहूबाजूंनी वेढून बसते आणि तेजाब आतपर्यंत पोचत नाही. पाव भागाहून बरेच कमी झाले तर सोन्याची अगदी बारीक पूड होते आणि धुताना वाहून जाते. पद्धत जुनी आहे, भरवशाची आहे, आणि सोने एकदाही द्रावणात जात नसल्यामुळे गिऱ्हाईक आणि कारागीर दोघेही निश्चिंत असतात. दोन उकळ्यांत टंच, म्हणजे हजार भागांत शुद्ध सोने किती ते, ९९५ च्या आसपास येतो.

पण हिशेब मांडून पाहा. १०० ग्रॅम चोख सोन्यासाठी सुमारे ३०० ग्रॅम चांदी विरघळवावी लागते. त्याला ७० टक्क्यांचे नायट्रिक साधारण २३५ मिली खर्ची पडते आणि नायट्रोजन डायऑक्साइडच्या (हाच तो तांबूस धूर) रूपात मोजला तर ४३ ग्रॅम वायू सुटतो. चांदीत भांडवल अडकते म्हणून अनेक जण तिच्याऐवजी तांबे घालतात. तेव्हा तेजाब ८०० मिलीपर्यंत जाते आणि वायू १४५ ग्रॅमच्या घरात. हे आकडे रासायनिक समीकरणावरून काढलेले, म्हणजे कमीत कमी आहेत. तेजाब पाणी न घालता वापरले तर धूर याहून वाढतो. शिवाय चांदी वापरली तरी ती परत मिळवायला द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडाव्या लागतात. ३०० ग्रॅम चांदी खाली बसवताना ८८ ग्रॅम तांबे विरघळते आणि ते निळे पाणी पुढे कुठे तरी सोडले जाते.

आता मुळात माल काय येतो ते पाहू. बाजारात येणारे जुने दागिने बहुतांशी बावीस कॅरेटचे असतात, म्हणजे ११ भाग सोने आणि १ भाग तांबे-चांदी. त्यात चांदी दहा टक्क्यांच्या आतच असते. असा माल पत्र्यासारखा पातळ लाटून किंवा रवा करून सरळ अॅक्वा रेजियात, म्हणजे आम्लराजात, विरघळतो. चांदी मिसळायची गरज उरत नाही. त्याच १०० ग्रॅम चोख सोन्यासाठी समीकरणाने नायट्रिक लागते जेमतेम ४० मिली आणि वायू निघतो २५ ते ३० ग्रॅम. तांब्याच्या पद्धतीशी तुलना केली तर हा वायू जेमतेम पाचवा हिस्सा आहे. बारातले अकरा भाग शुद्ध असलेली वस्तू आधी पाव भागावर आणून मग पुन्हा शुद्ध करायची, हा खटाटोप बावीस कॅरेटसाठी सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. चांदी जास्त असलेला माल किंवा झाऱ्यातून (सोनारकामाच्या केर-कचऱ्यातून) निघालेला मिश्र माल असेल तिथे मात्र जुनीच पद्धत योग्य. दहा टक्क्यांच्या वर चांदी गेली की आम्लराजात तिचे क्लोराइड होऊन मालावर पांढरट कवच बसते आणि काम तिथेच अडते.

मोठे कारखाने काय करतात, असे वाचक विचारतील. सिडनीच्या टांकसाळीत फ्रान्सिस बॉयर मिलर यांनी १८६७ मध्ये शोधलेली पद्धत आजही टनावारी सोन्यासाठी चालते. दक्षिण आफ्रिकेतल्या जर्मिस्टनची रँड रिफायनरी हे त्याचे मोठे उदाहरण. सुमारे ११०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडतात. लोखंड, जस्त, शिसे यांची क्लोराइडे उडून जातात. चांदी आणि तांब्याची क्लोराइडे वितळून वर तरंगतात आणि काढून घेता येतात. त्या तापमानाला सोन्याचे क्लोराइड टिकत नाही, म्हणून सोने मागे राहते. शुद्धता ९९५ ते ९९६ पर्यंत येते. त्याहून पुढे ताणले तर सोनेही वायूबरोबर जाऊ लागते, आणि प्लॅटिनम तर तसेच राहते. पुढची पायरी विजेची. हॅम्बुर्गच्या नॉर्डडॉइच अफिनेरीमध्ये एमिल वोलविल यांनी १८७४ मध्ये ती बसवली. सोन्याच्या क्लोराइडचे आम्ल द्रावण ६० ते ७० अंशांवर ठेवून त्यात अशुद्ध सोन्याची पाटी विरघळवतात आणि दुसऱ्या पाटीवर ९९.९९ टक्क्यांचे सोने चढते. गलाईच्या दुकानाला या दोन्ही पद्धती जमण्यासारख्या नाहीत. क्लोरीनची टाकी बोळातल्या दुकानात ठेवणे हा गुन्हाच ठरावा. आणि विजेच्या पद्धतीत लिटरला १०० ग्रॅम सोने द्रावणातच अडकून राहते. १०० लिटरची टाकी म्हणजे १० किलो सोने कायमचे पाण्यात.

म्हणजे छोट्या दुकानासाठी आम्लराज हाच मार्ग उरतो. पण तो नीट राबवला पाहिजे, नाहीतर धूर कमी होण्याऐवजी वाढेल. सर्वांत मोठी चूक पहिल्याच मिनिटाला होते. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आधीच मिसळून सगळे एकदम ओततात. १०० ग्रॅमसाठी ३८० मिली हायड्रोक्लोरिक घेणे ठीक, पण १०० मिली नायट्रिक एका झटक्यात पडले तर त्यातले निम्म्याहून जास्त न वापरताच राहते. ते पुढे नासवावे लागते आणि तेवढा धूर फुकट निघतो. माल हायड्रोक्लोरिकमध्ये आधी गरम करावा आणि नायट्रिक पाच-पाच मिलीने द्यावे. फेस बसला, बुडबुडे थांबले, की पुढचे पाच मिली. शेवटी थोडे सोने न विरघळता राहू द्यावे. ते उरलेले नायट्रिक स्वतः खाऊन टाकते. त्यानंतरही शंका असेल तर गरम द्रावणात सल्फॅमिक आम्ल चिमूटचिमूट टाकावे. फसफसणे थांबले की नायट्रिक संपले. याचा आणखी फायदा म्हणजे शिसे असेल तर ते सल्फेट होऊन खाली बसते.

मग द्रावणाच्या तिप्पट पाणी घालून ते रात्रभर थंड होऊ द्यावे. ही पायरी घाईत गाळली जाते आणि टंच ९९८ वर अडतो तो इथेच. गरम, तीव्र आम्लात चांदीचे क्लोराइड बऱ्यापैकी विरघळलेले असते. पाणी घालून थंड केल्यावर ते पांढऱ्या गाळासारखे दिसू लागते. ते बारीक कागदातून गाळल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याच गाळात कधी कधी काळ्या रंगाची भुकटीही सापडते. ती इरिडियम किंवा रुथेनियमची. दागिन्यात वजनासाठी घातलेली ही भेसळ नायट्रिकच्या जुन्या पद्धतीत सोन्याबरोबरच राहते आणि लगडीत उतरते. आम्लराजात ती न विरघळता मागे राहते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पद्धत बदलण्याचे हे कारण एकटेच पुरेसे आहे.

गाळलेल्या पिवळ्या द्रावणात सोडियम मेटाबायसल्फाइट हळूहळू टाकल्यावर सोने तपकिरी पूड होऊन खाली बसते. हिशेबाने १०० ग्रॅमला ७२ ग्रॅम पुरते, प्रत्यक्षात १०० ते १२० ग्रॅम लागते. त्याहून दुप्पट-तिप्पट खपत असेल आणि द्रावण तांबूस धूर सोडत असेल, तर नायट्रिक शिल्लक आहे असे समजावे. ते बसलेले सोने पुन्हा विरघळवत असते. काम झाले का, हे स्टॅनस क्लोराइडच्या थेंबाने पाहावे. कागदावर जांभळा-काळा डाग पडला तर पाण्यात अजून सोने आहे. पूड गरम हायड्रोक्लोरिकमध्ये एकदा उकळावी, मग गरम पाण्याने धुवावी, धुण्याचे पाणी पूर्ण नितळ होईपर्यंत. काही जण चांदीचा अंश काढायला अमोनियाने धुतात. ते आधीच्या धुण्यांनंतरच, आणि धुतलेले पाणी लगेच आम्ल करून. सोन्याच्या द्रावणात अमोनिया गेला तर वाळल्यावर स्फोट होणारे संयुग तयार होते, आणि चांदीचे अमोनियाचे पाणी साठवले तर तेही तसेच.

इतके केल्यावर जो थोडा धूर उरतो तो पकडायचा कसा? पाण्याचा फवारा बसवून स्वस्थ राहणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की नायट्रोजन डायऑक्साइडचे तीन भाग पाण्यात गेले तर एक भाग नायट्रिक ऑक्साइड होऊन परत बाहेर येतो. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तो रंगहीन असतो, आणि चिमणीबाहेर हवेत मिसळला की पुन्हा तांबूस होतो. त्याला आधी हवेतल्या प्राणवायूने डायऑक्साइड व्हायला वेळ द्यावा लागतो. इथे मोठ्या पंख्याचा मोह घातक ठरतो. वायू दहापट पातळ झाला की हे रूपांतर व्हायला सुमारे दहापट वेळ लागतो. म्हणून उघड्या घमेल्यावर मोठा हुड लावण्यापेक्षा झाकणाचे काचेचे भांडे, त्याला बारीक नळी, मग एक रिकामे पिंप, आणि त्यानंतर कॉस्टिक सोडा व हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणाने धूर धुणारा मनोरा अशी रचना हवी. लोखंडी पाइप आणि पंखा फार टिकत नाहीत, पॉलिप्रॉपिलीन किंवा फायबरचेच घ्यावेत. आणि मनोऱ्यातल्या वापरलेल्या सोड्यात उरलेले तेजाब कधीही ओतू नये. त्यातले नायट्राइट फुटून पकडलेला बराच वायू एका दमात बाहेर येतो.

प्रदूषण नियंत्रण मंडळाने गलाईच्या परवानगीत चिमणीच्या उंचीपेक्षा दर १०० ग्रॅम सोन्यामागे नायट्रिक किती वापरले ही नोंद मागावी. वहीत तेजाबाची खरेदी आणि गाळलेले सोने दोन्ही लिहिलेले असतेच, त्यामुळे पडताळणी सोपी आहे. टंचाच्या वादात एक्स-रे यंत्राचा आकडा अंतिम मानू नये, कारण ते वरचा पातळ थरच पाहते. भारतीय मानक आयएस १४१८ प्रमाणे भट्टीतली चाचणी करून घ्यावी. विट्यात सामाईक केंद्र झाले, तर गाव सोडण्याआधीच तरुण कारागिरांना बंद भांड्याची पद्धत शिकता येईल. तांब्याचे निळे पाणी लोखंडाच्या भंगारावरून नेऊन नंतर चुन्याने आम्लता उतरवण्याचे कामही तिथे एकत्र होऊ शकते.

आणि एक गोष्ट दुकानातल्या प्रत्येकाला आजच सांगण्यासारखी. हा धूर नाकातोंडात गेल्यावर थोडा खोकला येऊन माणूस बरा वाटतो आणि घरी जातो. फुफ्फुसात पाणी भरणे बहुधा ४ ते २४ तासांनी सुरू होते, कधी त्याहून उशिरा. जास्त धूर गेलेल्या माणसाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, डॉक्टरांना नायट्रोजन डायऑक्साइड हे नाव सांगावे, आणि त्याला रात्रभर एकटे ठेवू नये.

आपले,
सोने-चांदी शुद्धीकरणात काम करणारे काही रसायनतज्ज्ञ,
विटा, जि. सांगली