आकडी आणि पहिली पाच मिनिटे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अपस्माराविषयी वृत्तपत्रांत जे लिहून येते, त्यात आकडी आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, त्याच्या तोंडात चमचा घालू नये, त्याला कुशीवर वळवावे, इतके सांगितलेले असते. ते योग्यच आहे. परंतु आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, तर ती थांबवणारे औषध जागच्या जागी द्यावे लागते, हे क्वचितच सांगितले जाते. आणि मुदत पाचच मिनिटांची का, हे तर जवळजवळ कधीच नाही. मी अनेक वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले आहे. कारण समजले की सूचना नुसती पाठ न राहता वेळेवर आठवते, असा माझा अनुभव असल्याने हे पत्र लिहीत आहे.

चेतापेशींना उद्दीपित करणारे मेंदूतील मुख्य रसायन ग्लुटामेट, तर त्यांना आवर घालणारे मुख्य रसायन गाबा. गाबा तयार होते ते ग्लुटामेटपासूनच, आणि हे रूपांतर घडवणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, ब-६ जीवनसत्त्वाची जोड लागते. हे जीवनसत्त्व नसेल तर आवर घालणारे रसायन कमी पडते आणि झटके येतात. १९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत विशिष्ट डबाबंद दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांना असे झटके येऊ लागले होते. प्रक्रियेतील उष्णतेने त्या दुधातले ब-६ नष्ट झाले होते, आणि ते दिल्यावर झटके थांबले. आपल्याकडे क्षयरोगासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या आयसोनियाझिडचा मोठा डोस चुकून पोटात गेला, तरी हेच विकर लुळे पडते. अशा रुग्णाची आकडी नेहमीच्या औषधांना पुरेशी दाद देत नाही. तिच्यावरचा खरा उतारा शिरेतून दिलेले ब-६ हाच असतो. (क्षयरोगाच्या रुग्णांनी यामुळे घाबरून औषध मुळीच थांबवू नये, नेमून दिलेल्या मात्रेत असे सहसा होत नाही.)

आकडी सुरू झाली की असंख्य चेतापेशी एकदम, एकाच लयीत विद्युतस्पंद सोडू लागतात. प्रत्येक स्पंदाबरोबर सोडियम पेशीत शिरते आणि पोटॅशियम बाहेर पडते. ते पुन्हा जागेवर नेणारा पंप हेही एक विकरच आहे आणि त्याला सतत ऊर्जा लागते. त्यामुळे मेंदूची ग्लुकोज आणि प्राणवायूची गरज कितीतरी वाढते व लॅक्टिक आम्ल साचू लागते. वाढलेली आम्लता आणि ऊर्जा खर्च होताना तयार होणारे ॲडेनोसिन यांचा आकडी शमवण्यात वाटा असतो, असे मानले जाते. बहुतेक आकड्या एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्या वेळात रुग्णाला इजा होणार नाही हे पाहिले, तरी पुरते.

आकडी लांबली की मात्र चित्र पालटते. गाबाचे काम चालते ते चेतापेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही रेणूंमार्फत. आकडी चालू राहिली, तर हे ग्राही पृष्ठभागावरून पेशीच्या आत ओढले जातात आणि ग्लुटामेटचे काही ग्राही उलट पृष्ठभागावर वाढतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. आकडी थांबवण्यासाठी दिली जाणारी मिडॅझोलॅम, लोराझेपॅम, डायझेपॅम ही औषधे गाबाच्या ग्राहींवरच काम करतात. ग्राहीच आत गेले तर औषधाने काम करायचे कशावर? म्हणून सुरुवातीला थोड्या औषधाने थांबू शकणारी आकडी अर्ध्या तासाने अनेक औषधांनाही आवरत नाही. दरम्यान ग्लुटामेटमुळे पेशींत कॅल्शियम शिरत राहते, प्रथिने तोडणारी विकरे जागी होतात आणि पेशी मरू लागतात. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१५ मध्ये सर्वांगाच्या आकडीसाठी दोन मुदती ठरवल्या, त्यांचा अर्थ इथे लागतो: पाच मिनिटांनंतर उपचार सुरू करायचे, कारण आकडी आता आपोआप थांबण्याची शक्यता कमी, आणि तीस मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका.

आपल्याकडे अनेक गावांतून रुग्णालयापर्यंत जायलाच अर्धा तास लागू शकतो. म्हणजे औषध रुग्णालयात सुरू करायचे म्हटले, तर उपयोगाचा काळ वाटेतच संपतो. नाकात फवारण्याचे मिडॅझोलॅम आपल्या देशात मिळते. त्याला सुई लागत नाही आणि घरचे माणूसही ते देऊ शकते. मात्र ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे असते आणि मात्रा वजनानुसार ठरते. तेव्हा अपस्माराच्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकांनी आपल्या डॉक्टरांना या फवाऱ्याविषयी आवर्जून विचारावे, आणि डॉक्टरांनी तो लिहून देताना कसा वापरायचा हे प्रत्यक्ष दाखवावे. ज्या शाळेत असा विद्यार्थी आहे, तिथे पालकांचे लेखी संमतिपत्र, डॉक्टरांची लेखी सूचना आणि औषध हे सारे एका ठिकाणी ठेवून निदान दोन शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण मिळावे, असा आदेश शालेय शिक्षण विभागाने काढावा, अशी माझी विनंती आहे. आकडी सुरू होताच कोणीतरी घड्याळ पाहणे, ही त्या प्रशिक्षणातली पहिली गोष्ट असावी.

आपली नम्र,
जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा