शहापूरच्या काकांना, रखमाबद्दल

काका, नमस्कार. काकूंनाही सांगा.

नाव कुठं घालू नकोस म्हणालात म्हणून घालत नाही, पण पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहितेय. पुस्तकाच्या आभारात तुमच्या वाट्याला दीड ओळ आलीय आणि तीही इंग्लिशमध्ये, त्यात माझं काही भागलं नाही.

परवा रात्री हस्तलिखित एकदाचं पाठवलं, जोसेफ एल्डर प्राइझसाठी. फोनवर आवाज कटत होता, नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सांगते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज नावाची संस्था आहे, १९६१ पासूनची, तिकडची विद्यापीठं तिची सभासद, पुण्यात परदेशी पोरं मराठी शिकायला येतात त्यांचा वर्गही ही संस्था चालवते. भारतावरच्या, अजून छापून न आलेल्या पुस्तकांना ते दोन बक्षिसं देतात. एक साहित्य-संस्कृतीकडचं, बंगालीचे अभ्यासक एडवर्ड डिमॉक यांच्या नावाचं, आणि दुसरं सामाजिक शास्त्रांचं, ते एल्डर यांच्या नावाचं, विस्कॉन्सिनला सोशिऑलॉजी शिकवायचे ते. पीएचडीचा प्रबंध जसाच्या तसा धाडलेला चालत नाही, त्याचं पुस्तक झालेलं लागतं. आणि माझ्या प्रबंधाचं पुस्तक झालं ते तुमच्या खिडकीपाशी, हे मला निकालाच्या आधीच सांगायचंय. निकाल काय लागायचा तो लागेल.

तुमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा मी पार दमलेली होते. आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या सीमाभागावर काम करायचं म्हणजे कागद दोन राज्यांत शोधायचे, १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी आपण मुंबईकडं, नंतर म्हैसूरकडं, अर्धं मराठीत अर्धं कन्नडमध्ये, आणि जुनं काही हाताला लागलं की ते मोडी लिपीत. एका दप्तरात तीन दिवस बसवून ठेवून फाइल नाही म्हणून परत पाठवलं होतं, बाहेर पायरीवर बसून रडले होते मी. निपाणीच्या एका जुन्या घरातनं तंबाखूच्या वखारीची वही तेवढी मिळाली होती, ती पिशवीत घेऊन तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही वही उघडली आणि आधी शिंकलात, इतक्या वर्षांनी पानांत तंबाखूची भुकटी तशीच होती.

मोडी मी तक्त्यावरनं शिकलेली. तक्त्यावर अक्षरं सुटी असतात, वहीत कुठली सुटी. आधी आडवी रेघ ओढायची, मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. मी एक शब्द सगळीकडं 'रकमा' असा लावला होता. हिशेबाची वही, पुढं आकडे, मला जराही शंका आली नाही, आणि त्यावर सावकारी-उधारीचं एक अख्खं प्रकरण लिहून बसले होते.

तुम्ही पान खिडकीकडं तिरकं धरलंत, पानाखाली पांढरा कागद सरकवलात, भिंग फिरवत बराच वेळ गप्प. मग म्हणालात, "अगं, रकमा कुठल्या, रखमा आहे की ती! बाईमाणूस आहे." मी मानेना, तर त्याच पानावर वर 'वखार' लिहिलेलं होतं त्यावर बोट ठेवलंत, याच माणसाच्या हातचा हा ख बघ आणि हा ख बघ. शाई पसरली होती म्हणून मला दिसला नव्हता. मग खालचे शब्दही आपोआप सुटत गेले, गोदा, चंद्रा, परत रखमा. पुढचे आकडे म्हणजे त्यांची मजुरी. उभी एक रेघ म्हणजे पावली, दोन म्हणजे अर्धा रुपया, हेही तेव्हाच शिकवलंत.

काका, माझी आजी वखारीत तंबाखू निवडायला जायची. डोकीला फडकं, तोंडाला फडकं, घरी आली तरी पदराला तो उग्र वास, आणि म्हातारपणी खोकला. तिचं नाव असंच एखाद्या वहीत असणार आणि मी ते पैसे म्हणून वाचून पुढं गेले असते. त्या दिवशी एसटीत बसून निपाणीपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

घरी येऊन ते प्रकरण फाडलं, नव्यानं लिहिलं. सीमाभाग म्हटलं की सीमावादावरचा महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्र मागतो ती ८६५ गावं, त्यासाठीचा २००४ पासूनचा सुप्रीम कोर्टातला दावा, यावर लिहिलं जातं आणि लिहायलाच पाहिजे, पण सीमा आखायच्या आधीपासनं या बाया पहाटे उठून वखारीत जात होत्या, आणि राज्य बदललं त्या दिवशीही त्यांना कामावर जावंच लागलं असणार. माझं पुस्तक आता त्यांचं आहे. एरिया स्टडीज म्हणजे त्या मुलखाची भाषा येणं असं आम्हाला वर्गात शिकवतात. मला मराठी येत होती, कन्नडही थोडं, तरी रखमा दिसली नाही, ती दिसायला तुम्ही लागलात. अकरा महिने दर शनिवारी बसलात, एक रुपया घेतला नाहीत, उलट काकूंनी निघताना डब्यात कुंदा दिला.

दिवाळीला येते. छापलेली सगळी पानं आणेन, मोठ्या अक्षरात. आणि वहीच्या शेवटच्या पानावर गोदाच्या पुढं एक शब्द अजून अडलाय, मला 'गैरहजर' वाटतो पण खात्री नाही. फोटो काकूंच्या व्हॉट्सॲपवर टाकलाय, सकाळच्या उजेडात जरा बघून सांगा.

तुमची,
निपाणीची पोरगी