आजोबांचं ट्रम्पेट चिंचेनं घासू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत आजोबांचा बँडच्या गणवेशातला फोटो येतो. लग्नसराई सरली की तेच आजोबा परमिट रूमच्या काउंटरवर उभे राहत, हे मात्र गाळलं जातं. बँडवाल्याचं वर्ष मुहूर्तांवर चालतं. तुळशीच्या लग्नापासून आषाढीपर्यंत काम असतं, मग गणपती आणि नवरात्राच्या मिरवणुका सोडल्या तर चातुर्मास मोकळाच. काउंटरवरही गटारीपर्यंत झुंबड आणि श्रावण लागला की शुकशुकाट, म्हणजे श्रावणात दोन्हीकडे ओढाताण. यात लपवण्यासारखं काय आहे?

पण पत्राचं कारण वेगळं आहे. आठवण म्हणून माळ्यावरचं वाद्य खाली काढतात आणि पहिल्याच दिवशी त्याचं नुकसान करतात.

ट्रम्पेट पितळी, म्हणून तांब्या-कळशीसारखं चिंच-मिठानं घासलं जातं. घासण्यानं वरचं लाखेचं पाणी जातं, आंबटानं पितळेतलं जस्त निघून गुलाबी डाग पडतात आणि चिंचेचा चोथा व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे बोटांनी दाबायच्या दट्ट्यांमध्ये, अडकतो. कोमट पाणी आणि सौम्य साबण एवढंच वापरावं, तेही व्हॉल्व्ह काढून घेतल्यावर. व्हॉल्व्हवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. ते आपापल्या घरातच बसवावेत, अदलाबदल झाली तर हवा अडते. स्लाइड (सरकणारी नळी) जाम असेल तर सांध्यावर तेलाचे दोन-तीन थेंब सोडून रात्रभर ठेवा. पकडीनं ओढलं की डाख सुटतो. अडकलेला माउथपीस पिळून काढू नका, पुढची नळीच मुरगळते. तो काढायचं हत्यार दुरुस्तीवाल्याकडे असतं.

क्लॅरिनेटचं दुखणं वेगळं, आणि ते आपल्या उन्हाळ्याचं आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये लाकूड आटतं, सांध्यांवरच्या धातूच्या कड्या सैल होऊन फिरू लागतात. अशा वेळी कौतुकानं तासभर फुंकलं तर आतून श्वासाची ओल, बाहेरून कोरडी हवा, आणि वरच्या जोडाला तडा जातो. आधी सगळे भाग सुटे करून आठवडाभर सावलीत ठेवा. मग नळीच्या आतून गोड्या बदाम तेलाचं किंचित ओलं फडकं फिरवा. चाव्यांखालच्या पॅडला तेल लागू नये म्हणून मध्ये कागद सरकवा. सकाळी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं. सुरुवातीला दिवसाला दहा मिनिटं वाजवणं पुष्कळ झालं. वाद्य एबोनाइटचं (कडक रबराचं) असेल, म्हणजे घासल्यावर गंधकाचा वास आला, तर तेलाची गरज नाही; त्याला फक्त ऊन आणि गरम पाणी दाखवू नका, काळा रंग हिरवट-तपकिरी होतो.

वाद्यावर ‘एच.पी.’ (हाय पिच) असा शिक्का असेल तर ते जुन्या चढ्या पट्टीचं आहे. हार्मोनियमपेक्षा साधारण अर्धा अर्धस्वर वर बोलतं. क्लॅरिनेटचं बॅरल (माउथपीसखालचा छोटा जोड) बाहेर ओढून थोडं उतरेल, पण मग स्वरांमधली अंतरं बिघडतात. त्याच्या दुरुस्तीवर पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

राहिली आजोबांची वही. बऱ्याचदा पुढून सरगम आणि मागून काउंटरचा हिशेब असतो. नातवंडं मागची पानं फाडतात. फाडू नका. बँडचं नेहमीचं क्लॅरिनेट ‘बी फ्लॅट’चं असतं, त्यावरचा ‘सी’ पेटीच्या काळी पाचवर, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीवर येतो. छोट्या ‘ई फ्लॅट’चा काळी दोनवर. एवढं धरून चाललं की चाली पेटीवर जुळतात. मागचे आकडेही वाचता येतात: ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ छोटे पेग, १८०च्या क्वार्टरमध्ये ६. बाटलीमागे कुठे २४च मांडले असतील तर लगेच चोरी समजू नका, ओतताना सांडलवंड होते. रोजची सुरुवातीची आणि अखेरची शिल्लक पाहिली की कोणत्या महिन्यात आजोबा कुठे होते हेही कळतं: हिशेब थांबतो तिथून लग्नाची कामं सुरू.

वहीच्या प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी, सावलीत फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन मात्र करू नका. उष्णतेनं चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही.

– बँडवादक व वाद्यदुरुस्ती करणारे काही कारागीर, सोलापूर