शीतल, टिल्लूच्या पोटाबद्दल सगळं एकदाच लिहितेय

प्रिय शीतल,

तुझा मेसेज वाचला आणि ठरवलं की ह्याला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत उत्तर द्यायचं नाही, नीट बसून लिहायचं, म्हणजे तुलाही वाचता येईल आणि काकूंनाही. टिल्लू ससा घरी आला ह्याचा मला किती आनंद झालाय काय सांगू! शेजाऱ्यांची बदली झाली म्हणून त्याला कुठेतरी सोडून देण्यापेक्षा तुम्ही ठेवून घेतलंत हे फार चांगलं केलंत. आता घर नवीन, माणसं नवीन, त्यात नागपूरचा उन्हाळा तोंडावर, म्हणजे त्याचं पोट बिघडायला हीच वेळ असते, म्हणून घाई करून लिहितेय.

तू विचारलंस की पोट फुगलं तर काकू म्हणतात तसं ओव्याचं पाणी आणि चिमूटभर हिंग चालेल का. नाही गं, नको. ग्राइप वॉटर नको, ईनो नको, आणि घरात लहान बाळांच्या पोटदुखीचे थेंब असतील तर तेही विचारल्याशिवाय नको, कारण त्यातल्या काहींत डायसायक्लोमाइन असतं, ते बाळाची मुरड थांबवतं पण सशाचं आधीच मंदावलेलं आतडं अजून मंद करतं. नुसतं सिमेथिकोन असलेले थेंब बरेच डॉक्टर देतात, त्याने अपाय होत नाही, पण त्याच्यावर विसंबून रात्र काढायची नाही.

सशाला उलटी करता येत नाही हे आधी डोक्यात ठेव. पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं, दुसरा रस्ताच नाही. आणि त्याचं पोट कधी रिकामं नसतं, चोवीस तास काहीतरी चालू असतं, ते चालू ठेवतो तो गवतातला लांब चिवट धागा. तो धागा पचत नाही, पण आतड्याला ढकलत ठेवतो आणि शेवटी त्याच्या कोरड्या गोल लेंड्या होतात. बाकीचा बारीक भाग मागे वळून सीकममध्ये जातो, ही सशाच्या आतली भलीमोठी पिशवी, तिथे जंतू ते आंबवतात आणि त्याच्या मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्या होतात, त्या ससा थेट तोंडाने घेऊन खातो. काकूंना सांगून ठेव, ते बघून ओरडू नका, ते त्याचं जेवणच आहे. उलट त्या मऊ लेंड्या जमिनीवर पडून राहायला लागल्या तर समजायचं की गवत कमी पडतंय आणि गोडधोड जास्त होतंय.

आता मुख्य गोष्ट. रोज सकाळी ट्रे साफ करताना लेंड्या बघायच्या, नुसत्या झाडून टाकायच्या नाहीत. नेहमीपेक्षा बारीक झाल्या, कमी झाल्या, केसांच्या धाग्याने माळेसारख्या जोडलेल्या आल्या, तर काहीतरी बिघडायला लागलंय. आणि दहा-बारा तास खाल्लंच नाही, लेंडीच नाही, तर "सकाळी बघू" असं म्हणायचंच नाही शीतल. कुत्रं एक दिवस उपाशी राहिलं तर चालून जातं, सशाचं तसं नाही, खाणं थांबलं की आतडं थांबतं, आतडं थांबलं की गॅस होतो, गॅसने दुखतं, दुखलं की तो अजून खात नाही, आणि वर लिव्हरवर चरबी चढायला लागते. म्हणून डॉक्टर आधी दुखणं कमी करतात, मेलॉक्सिकॅम वगैरे, कातडीखाली सलाईन देतात, आणि मग आतडं चालू करायची औषधं.

आमच्या भुरीला दिवाळीत हेच झालं होतं. खाली रात्रभर सुतळी बॉम्ब, ती कपाटामागे जाऊन बसलेली, दुसऱ्या दिवशी कोथिंबीर पुढे धरली तरी तोंड फिरवलं. अंग आखडून, डोळे अर्धे मिटून, दात कराकरा वाजवत बसली होती, मधेच पोट जमिनीला दाबून लांब व्हायची. हे दुखण्याचं लक्षण आहे, लाडात येतो तेव्हाचा दातांचा आवाज अगदी हलका असतो, दोन्हीतला फरक कळतो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मळलेल्या कणकेसारखं दबत होतं, म्हणजे आत अन्न होतं पण सुकून बसलेलं. एक्सरे काढून अडथळा नाही ह्याची खात्री केली आणि मगच सिरिंजने पातळ खाणं भरवायला सांगितलं.

हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी खात्री मग भरवणं. कारण दुसरा जो प्रकार आहे, खरं फुगणं, त्यात बहुतेकदा दाबून घट्ट झालेली केसांची छोटी गोळी लहान आतड्यात अडकलेली असते, मागे पोटात गॅस आणि पाणी साठत जातं, आणि हे फार भराभर होतं. दुपारी छान खेळणारा ससा संध्याकाळी एका कुशीवर पडलेला असतो. बरगड्यांच्या मागे पोट ताणलेलं, टणक लागतं, कान गार पडतात. अशा वेळी सिरिंजने काही भरवलं तर आधीच तटतटलेल्या पोटात भर घातल्यासारखं होतं. काही भरवू नकोस, पोट चोळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून तडक दवाखाना गाठ. आमच्याच सोसायटीतल्या एका मुलीचा ससा असा गेला, रात्री पोचले तोवर तो थंड पडला होता. ती मुलगी कितीतरी दिवस खाली खेळायलाच आली नाही. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

डॉक्टर ह्यात रक्तातली साखरही बघतात, ती ३६० च्या वर गेलेली असेल तर अडथळ्याची शंका खूप बळावते. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर घरात ठेव आणि गुदद्वारातून कसा मोजायचा ते एकदा डॉक्टरांकडून शिकून घे. सशाचं नॉर्मल साधारण १०१ ते १०४ फॅरनहाइट असतं, १०० च्या खाली गेलं तर परिस्थिती गंभीर आहे असंच धर, वाटेत फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेव.

नागपुरात सशाचं बघणारा डॉक्टर आत्ताच शोध, टिल्लू ठणठणीत असताना. बहुतेक ठिकाणी कुत्र्या-मांजरांचेच डॉक्टर असतात, ते मनापासून बघतात पण सशाचं वेगळं असतं. तोंडावाटे अमॉक्सिसिलीन किंवा पेनिसिलीन कुठल्याही कारणासाठी लिहून दिलं तर घेऊ नको, नम्रपणे सांग की सशाला हे चालत नाही, त्याने सीकममधले चांगले जंतू मरतात आणि विषारी जंतू वाढून ससा दगावू शकतो. आणि दात बघायला सांग, आतल्या दाढासुद्धा. सशाचे दात जन्मभर वाढतात, दाढेला टोक आलं की जीभ कापते, मग तो खायला जातो आणि सोडून देतो, आणि आपण पोटाचं औषध देत बसतो.

खाण्याचं म्हणशील तर ऐंशी टक्क्यांच्या वर वाळलं गवत, बस. टिमोथी नावाचं गवत महाग पडतं, बाहेरून येतं, मग ओटचं वाळलं गवत घे, किंवा हरळी, आपल्या दूर्वाच गं, फवारणी नसलेल्या ठिकाणच्या धुऊन सावलीत वाळवून. लसूणघास नको, तो सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना ठीक, मोठ्याला त्यात कॅल्शियम आणि प्रोटीन फार होतं. ज्वारीचा कोवळा चारा तर अजिबातच नको, त्याने गुरंसुद्धा दगावतात. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला रोज थोडा चालेल. गाजर म्हणजे सशाचं खाणं हे आपण चित्रांत बघून धरून बसलोय, खरं तर त्यात साखर असते, एखादी चकती पुरे. पोळी, भात, भिजवलेले हरभरे, मारी बिस्किट, ह्यातलं काहीच नाही. काकू प्रेमाने देतील मला माहितीये, त्यांना म्हणावं लाड करायचा तर पाल्याची जुडी हातात धरून भरवा, त्यालाही तेच आवडेल. आणि दुकानातलं ते रंगीत दाणे, मका घातलेलं मिक्स आणू नकोस. साधे पेलेट, म्हणजे गवताच्या दाबून केलेल्या एकसारख्या गोळ्या, दिवसाला दोन-तीन चमचे, तेवढेच. पण आधीच्या घरी जे खात होता ते एकदम बंद करू नको, हळूहळू बदल.

उन्हाळ्यात त्याला कूलरच्या खोलीतच ठेव, थेट झोतात नाही. तीस डिग्रीच्या वर सशाला त्रास व्हायला लागतो, तुमच्याकडे तर मे महिन्यात पंचेचाळीस. फरशी ओल्या फडक्याने पुसत राहा, बर्फ झालेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेव. पाणी नळीच्या बाटलीपेक्षा जड वाडग्यात दे, वाडग्यातून ससे जास्त पितात आणि पोटात पाणी असलं की केस पुढे सरकतात. केस गळायच्या दिवसांत रोज ब्रश. अननसाच्या रसाने केस विरघळतात असं कोणी सांगेल, ते खरं नाही, नुसती साखर जाते पोटात.

घरात एवढं आणून ठेव, सुई नसलेल्या दोन-तीन सिरिंज, क्रिटिकल केअरची पुडी (पाण्यात कालवून सिरिंजने भरवायचं खाणं, ऑनलाइन मिळते, एक्स्पायरी बघून घे), थर्मामीटर आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. दर रविवारी वजन लिहून ठेव, वजन उतरायला लागलं की कळतं.

डॉक्टर मिळाले की त्यांचा नंबर मलाही पाठव, आणि ते रात्री फोन घेतात का हे नक्की विचार. टिल्लूच्या लेंड्यांचा फोटो पाठवायला अजिबात संकोच करू नकोस, मी रात्री दोनलाही बघेन. काकूंना नमस्कार.

तुझी,
मेघा

ता.क. त्याचं वय आणि आत्ताचं वजन कळव, पेलेट नक्की किती द्यायचे ते मग सांगते.