आयुक्त महोदय, आधी बागेचं दुपारचं कुलूप काढा

प्रति,
माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : नियमित हालचाल, अकाली मृत्यूचा धोका आणि पालिकेच्या हातातलं काम

महोदय,

बागेत ओपन जिम बसली की फीत कापली जाते. एक-दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेने नटबोल्ट गंजतात, बेअरिंगमधलं ग्रीस वाहून जातं, झुलता दांडा अडकतो आणि कुणीतरी त्यावर टॉवेल वाळत घालतो. आम्ही मुंबईत रोज रुग्ण तपासणारे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. या यंत्रांवर आमचा राग नाही, पण त्यांनी या शहरातले मृत्यू फारसे टळणार नाहीत. जे टळू शकतात त्यांची किल्ली अक्षरशः तुमच्या बागेच्या रखवालदाराकडे आहे.

आधी आकडे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा किंवा 75 मिनिटं जोरकस व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. 2015 साली अमेरिका आणि युरोपातल्या 6,61,137 लोकांची सुमारे 14 वर्षांची माहिती एकत्र तपासली गेली. अजिबात व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, थोडाफार पण शिफारशीपेक्षा कमी करणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका 20 टक्क्यांनी कमी दिसला. शिफारशीइतका ते दुप्पट करणाऱ्यांत 31 टक्के, तिप्पट ते पाचपट करणाऱ्यांत 39 टक्के. त्यापुढे फायदा वाढत नाही. म्हणजे एकूण फायद्यातला निम्मा वाटा शिफारशीपर्यंत न पोचलेल्यांनाच मिळून जातो. तैवानमधल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात तर रोजच्या 15 मिनिटांशी 14 टक्के कमी धोका जोडलेला दिसला. पुढच्या प्रत्येक 15 मिनिटांनी त्यात जेमतेम 4 टक्क्यांची भर.

हिशेब सरळ आहे. जो शून्यावर बसला आहे, त्याला उठवण्यात पालिकेचा रुपया सर्वाधिक वसूल होतो. जानेवारीत मॅरेथॉनसाठी रस्ते मोकळे केले जातात, जरूर करावेत, पण ते धावणारे तुमच्यावाचूनही धावतील.

‘तब्येत धड असते म्हणूनच लोक चालतात, त्यात व्यायामाचं श्रेय काय?’ असं तुमचे अधिकारी विचारतील. प्रश्न रास्त आहे आणि जुनाही. 1953 साली ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसवरचे ड्रायव्हर आणि दिवसभर जिना चढउतार करणारे कंडक्टर यांची तुलना केली. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झाला तरी उशिरा व कमी जीवघेणा. मग मॉरिस यांनीच गणवेशांची मापं काढली, तर ड्रायव्हरांची कंबर तरुणपणापासूनच मोठी निघाली! पण सडपातळ, मध्यम, स्थूल असे गट पाडून पाहिलं तरी कंडक्टरांची बाजू सरसच राहिली. (बेस्टच्या जुन्या डबलडेकर 2023 मध्ये गेल्या, तो जिनाही गेला.) उलट बाजूही सांगायला हवी. नॉर्वेत सत्तरी ओलांडलेल्या 1,567 जणांवर पाच वर्षं चाललेल्या चाचणीत देखरेखीखालच्या व्यायामाने एकूण मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. तुलनेसाठी ठेवलेला गटही भरपूर हालचाल करणारा होता. म्हणून वरच्या टक्क्यांना आम्ही हमी म्हणत नाही. दिशा मात्र इतक्या अभ्यासांत तीच आहे की तिच्यावर पैसा लावायला हरकत नसावी.

आता शून्यावर किंवा शिफारशीखाली कोण आहे? 2022 च्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत; स्त्रियांत हे प्रमाण 57 टक्के, पुरुषांत 42. मुंबईतल्या अनेक घरांत बाईचे सकाळचे तास पाणी, डबे आणि शाळेत जातात, संध्याकाळ पुन्हा स्वयंपाकात. तिला जरा सवड मिळते दुपारी. आणि नेमक्या दुपारीच अनेक बागांना कुलूप असतं. साफसफाईसाठी बंद, असं उत्तर मिळतं. साफसफाई पहाटे करा, बाग दुपारी उघडी ठेवा. खर्च रखवालदाराच्या एका पाळीचा. ऊन आहे, मान्य. म्हणून चालण्याचा ट्रॅक मोकळ्या हिरवळीभोवती न काढता झाडांच्या सावलीतून काढा, पिण्याचं पाणी ठेवा आणि स्वच्छतागृह चालू ठेवा. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. पण मधुमेहामुळे वारंवार लघवीला जावं लागणारी बाई जवळ स्वच्छतागृह नसेल तर चालायला निघतच नाही, तिला कितीही समजावा.

बाग लांब असेल तर फुटपाथ. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा निकष किमान 1.8 मीटर मोकळ्या रुंदीचा आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असा आहे. आपल्याकडे 1.8 मीटर कागदावर असतात; प्रत्यक्षात त्यात विजेची पेटी, झाडाचा कट्टा आणि उभी स्कूटर असते. पेव्हर ब्लॉक का हलतात हे तुमच्या अभियंत्यांना माहीत आहे: खालचा थर नीट दाबलेला नसतो, कडा बांधलेली नसते, पावसात सांध्यातली वाळू निघून जाते. गुडघेदुखीच्या रुग्णाचा अंगठा एकदा त्या ब्लॉकला अडकला की पुढचे सहा महिने तो घरात. आणि सिग्नल. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरला, तर 20 मीटरचा रस्ता 17 सेकंदांत पार व्हायला हवा. वृद्ध माणूस 0.8 मीटरने चालतो, त्याला 25 लागतात. त्या आठ सेकंदांसाठी वाहतूक पोलिसांशी एकदा बसून बोला, इतकंच.

पावसाळ्यात चार महिने सवय मोडते. माटुंग्यात उड्डाणपुलाखाली नानालाल मेहता बाग आहे, तशी छप्पर असलेली चालायची जागा इतर पुलांखालीही करता येईल, तिथे पार्किंग देण्याऐवजी.

दवाखान्यांतल्या केसपेपरवर ‘व्यायाम करा’ एवढं लिहून काही होत नाही. मात्रा लिहायला हवी: दोन्ही जेवणांनंतर 10 मिनिटं, दर आठवड्याला 5 मिनिटं वाढ. आठवड्यातून दोन दिवस भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता 10 वेळा उठबस. पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव, एक हात ओट्यावर ठेवून. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर. छातीत दाब, डाव्या हाताला कळ किंवा घेरी आली तर थांबून लगेच डॉक्टर. आणि स्लिपर घालून चालायचं नाही. हा मजकूर रबरी शिक्क्यात बसतो. शिक्का आम्ही तयार करून देऊ.

एका वॉर्डात वर्षभर करून पाहा. दुपारी 1 ते 4 गेटवर हातातल्या काउंटरवर येणाऱ्या बायका मोजा, आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, कुलूप काढण्याआधी महिनाभर शेजारच्या फुटपाथवर आणि नंतर वर्षभर आत. आकडे वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा. यंत्रांच्या पुढच्या निविदेवर सही त्यानंतर करा.

आपले,
मुंबईतील काही डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट